तांब्याच्या जाळीची खोली

६ जानेवारी

काय मोठेबाबा, आज खोकला कसा आहे? सूनबाई, तुमचा घसा बसला होता, सुटला का? आणि धाकट्या, तू कालपासून गार पडलायस, आज तरी तोंड उघडणार की नाही?

दुकानाचं शटर वर केलं की आधी ही विचारपूस. मोठेबाबा म्हणजे लाकडी पेटीतला जुना रेडिओ. दुरुस्तीला आला आणि मालक न्यायला परत आलाच नाही, तेव्हापासून फळीवर वडीलधाऱ्यासारखा बसून आहे. सूनबाई म्हणजे टेपरेकॉर्डर, जरा नाजूक तब्येतीची. धाकटा म्हणजे माझा स्वतःचा, खिशात मावणारा ट्रान्झिस्टर. जो ऐकत नाही त्याला मी दम भरतो, "नीट वाजतोस की भंगारात काढू?" धंद्यात पडल्यापासून हेच चाललंय. शिट्टी लहान असताना काउंटरखाली बसून हे ऐकायची आणि खुदुखुदु हसायची.

माणसांचीही विचारपूस लिहून टाकतो. अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, गुडघा थंडीनं आखडलाय. जीभ मात्र सुरळीत आहे. माझं म्हणाल तर चष्म्याची काडी सोडली तर सगळं जागेवर. राहिली शिट्टी, माझी मुलगी. लहानपणी दोन स्टेशनांच्या मधे रेडिओ घालतो तशी हुबेहूब शिट्टी घालायची, म्हणून तिला हेच नाव चिकटलं. तिची आई लवकर गेली. तिला अक्कानं आणि मी वाढवलं. आता तिशी ओलांडली. हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, अशा कचेरीत कामाला होती. गेल्या महिन्यात एके दिवशी मधल्या सुट्टीतच घरी आली, ती परत गेली नाही.

तिला आवाज ऐकू येतात. आसपास कोणी नसताना माणसं बोलतात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात आणि सांगितलंय, वेळ लागेल, धीर धरा.

वही ठेवायचं कारण एवढंच की दोष कायमचा असला तर तो सापडतो. येऊन-जाऊन असला तर मेकॅनिकनं लिहून ठेवावं, कधी येतो, कशानं जातो, काय चालू होतं, काय बंद होतं. मी सातवीपर्यंत शिकलेला, पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांनी शिकवलं. त्यांनी हेच शिकवलंय.

१० जानेवारी

आज शिट्टी दुकानात येऊन बसली होती. सोल्डरिंगचा धूर तिला आवडतो. धीर करून विचारलं, "काय बोलतात गं ते?"

"सोडा ना, बाबा."

"बाई आहे की पुरुष, एवढं तरी सांग."

"दोघं आहेत. एक बाई. मी काय करतेय ते सांगत असते. आता उठली, आता पाणी प्यायली. तिचं काही नाही, तिची सवय झालीय."

"आणि दुसरा?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी बोलायचा थांबलो होतो तरी ओठांकडेच बघत होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्यासमोर उभे राहून बोलत जाल? मागून नका बोलू."

नोंद : कान कमी ऐकत असावेत. डॉक्टरीणबाईंना विचारणे.

१३ जानेवारी

नोंद : दुपारी दोनदा आतून विचारलं, "बाबा, आत्ता काही म्हणालात का?" मी काही बोललो नव्हतो. तोंडात दोन स्क्रू धरलेले, बोलणार कसा? तसं ओरडून सांगितलं तर स्क्रू पडले आणि एक अजून सापडलेला नाही.

१७ जानेवारी

पहाटे जाग आली ती एका आठवणीनं. गोष्ट माझ्या उमेदवारीच्या काळातली. गावाबाहेर रेडिओचा टॉवर होता, त्याच्या पायथ्याशी एक विधवा बाई राहायची. ती सांगायची की माझी शेगडी गाते. मधेच बातम्याही देते. दीर, जाऊ, शेजार, सगळ्यांनी तिला वेडी ठरवली होती. माझे उस्ताद मला घेऊन गेले. शेगडीच्या मागे लोखंडी नळी होती, तिचा सांधा गंजलेला. गंजलेला सांधा कधीकधी स्टेशन पकडतो, हे आमच्या धंद्यात माहीत असतं. उस्तादांनी सांधा घासला, शेगडी मुकी झाली. ती बाई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून किती वेळ रडली. मला वाटलं होतं, हसेल.

तिला कोणी विचारलंच नव्हतं, शेगडी काय गाते म्हणून.

शिट्टीनं इतकी वर्षं कानांना हेडफोन लावला. तिच्या एका दाढेत चांदी भरलीय. आमच्या गच्चीवरून तीन टॉवर दिसतात. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

२१ जानेवारी

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. कान तपासून झाले, उत्तम आहेत. मग मी शेगडीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, घड्याळाकडेही पाहिलं नाही. म्हणाल्या, "काका, तुमची गोष्ट खरी असेल. पण हे बाहेरून येत नाहीये. तिला ते खरंच ऐकू येतं, अगदी मी बोलतेय तसं. तरीही ते बाहेरचं नाही."

"मग आतून कोण बोलतं?"

"ते तिला विचारा. सावकाश. आणि तिनं सांगितलं तर वाद घालू नका."

बाई फार भल्या आहेत. पण अँटेना हा विषय त्यांना नाही, त्याला त्या तरी काय करणार.

घरी येऊन अक्काला बेत सांगितला. मागची छोटी खोली घ्यायची. चारी भिंती, छत, जमीन, दार, सगळ्याला आतून तांब्याची बारीक जाळी ठोकायची. कुठंही फट ठेवायची नाही. जाळीला तार जोडून जमिनीत पुरायची. मग आत कुठलीच लहर शिरू शकत नाही, हे पुस्तकातलं आहे, माझ्या मनाचं नाही.

अक्का भाजी चिरत होती. म्हणाली, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

"तू जरा समजून तर घे."

"समजलं. पोरीला मांजराच्या पिंजऱ्यात घालतोस."

"मांजराला पिंजरा नसतो, अक्का."

"म्हणूनच ते शहाणं राहतं," असं म्हणून तिनं उरलेली भाजी माझ्याकडे सरकवली. माझ्या हाताला काम दिलं की मी गप्प बसतो, असं तिचं मत आहे.

२ फेब्रुवारी

खोली झाली. हातांची चाळण झालीय. तांब्याची जाळी दिसायला रेशमी, पण कापलेली कड सुरीसारखी. कोपऱ्यांत दुहेरी घातली. दाराच्या कडेला पितळी पट्टी ठोकली, म्हणजे बंद केल्यावर जाळीला जाळी भिडते.

धाकट्याला आत नेला. बाहेर बाजारभाव सांगत होता. दार लावताच वाक्य अर्ध्यात तुटलं. नुसती खरखर. उघडलं, पुन्हा बाजारभाव. लावलं, खरखर. मी चार वेळा उघडलं आणि लावलं. पाचव्यांदा मला हुंदका आला, कशाचा ते कळलं नाही. बाहेर अक्का उभी होती. तिनं माझे हात बघितले आणि हळद आणायला गेली.

३ फेब्रुवारी

आज शिट्टीला आत बसवलं. उशी ठेवली होती, पाण्याचा तांब्या ठेवला होता, दिवा बॅटरीचा. मी दाराबाहेर स्टुलावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली.

मी तिच्या समोर उभं राहून, नीट, विचारलं, "काय?"

तिनं माझ्या बोटांच्या पट्ट्या बघितल्या. एकेक बघितली. मग म्हणाली, "शांत आहे, बाबा."

"दोघंही?"

"दोघंही."

वहीत हे वाक्य लिहिताना अक्षर हललंय. हलू दे.

५ फेब्रुवारी

शांत.

६ फेब्रुवारी

शांत. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं.

१० फेब्रुवारी

शांत. जेवण खोलीतच घेते म्हणाली. अक्का म्हणते, पोरगी वाळत चाललीय. मी म्हटलं, तुझा चष्मा बदल. संध्याकाळी मी स्वतः निरखून पाहिलं. जरा वाळलीय खरी, पण आजारातून उठणारं माणूस वाळतंच.

१९ फेब्रुवारी

गोळ्यांनी तिचे हात थरथरतात, सकाळी जीभ जड होते. मला ते बघवत नाही. आज मी बोलून गेलो, "सेट वाजायला लागल्यावर मेकॅनिक त्याला सोल्डरचे डाग देत बसत नाही. आता या गोळ्यांची गरज आहे का, एकदा विचारायला हवं."

कोणाला विचारायला हवं, ते मी म्हणालो नाही. डॉक्टरीणबाईंना, असंच माझ्या मनात होतं. बहुतेक होतं.

शिट्टी म्हणाली, "बरं, बाबा."

लहानपणापासून ती अशीच. मी आनंदात असलो की कशालाच नाही म्हणत नाही.

४ मार्च

हात थरथरायचे थांबलेत. चांगली खूण.

आज एक चमत्कारिक प्रकार झाला. एका गिऱ्हाइकाचा सेट तिसऱ्यांदा परत आला होता. मी वैतागून त्याला सुनावत होतो, नेहमीचंच, "किती लाड करायचे तुझे? नीट वाजतोस की भंगारात काढू?" मागं खळ्ळकन आवाज झाला. शिट्टी आतल्या दारात उभी, चहाचा कप पायाशी फुटलेला. तोंड पांढरंफटक. चहा पायावर सांडला होता, तिकडे लक्ष नाही. मला म्हणाली, "आत्ताचं तुम्ही म्हणालात? खरंच तुम्ही म्हणालात?"

"अगं, या सेटला म्हटलं."

ती हसायला लागली. खूप हसली. मीही हसलो. मग ती जाळीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

नोंद : दुकानात तिन्ही टॉवरांचा जोर जास्त असावा. दुकानालाही जाळी लावता येईल का ते पाहणे.

११ मार्च

आजच लिहायला हवं. दोष ताजा असताना लिहावा.

शिट्टी सकाळपासून खोलीतून बाहेर आली नव्हती. दुपारी जेवायला हाक मारली, उत्तर नाही. आतून तिचा आवाज येत होता. कोणाशी तरी भांडत होती, विनवत होती, "मी नीट वागते, मी नीट वागते." आत तर एकही स्टेशन शिरत नाही. मी स्वतः तपासलंय.

मी दार ठोकलं. "शिट्टी, मी आहे. दार उघड."

ती किंचाळली. एरवी मोठ्यानं बोलत नाही माझी पोर. मी आणखी मोठ्यानं ओरडलो, "अगं मी आहे, बाबा. घाबरू नकोस." जितकं ओरडावं तितकी ती भिंतीकडे सरकत होती, जाळीला घासल्याचा आवाज येत होता. मला काही सुचेना. मी ओरडतच राहिलो, मी आहे, मी आहे.

अक्का आखडलेल्या गुडघ्यानं धावत आली. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. अगदी लहानपणी ठेवायची तसा, दाबून. "गप. एक अक्षर बोलू नकोस."

मग ती दाराला तोंड लावून म्हणाली, "बाळा, मी अक्का. तुझा बाप गप्प बसलाय. मी त्याला गप्प बसवलाय."

आत शांत झालं. थोड्या वेळानं शिट्टीचा आवाज आला. अगदी बारीक. "बाहेर खरे बाबा आहेत का?"

"आहे ना, हा काय."

"बोलू नका म्हणावं. लिहून द्या."

आता कागद कुठून आणायचा? खिशात दुकानातली चिठ्ठी होती, आम्ही सेटला दोऱ्यानं बांधतो ती. एका बाजूला छापलेलं : मालकाचं नाव, तक्रार. मागची बाजू कोरी होती. काय लिहावं? एवढं डोकं भणभणत असताना माझ्या हातून उतरलं ते हे : "मी आहे. चहा निवतोय. अक्कानं साखर कमी घातलीय." ती दाराखालून आत सारली.

बऱ्याच वेळानं कडी सरकली.

तिची मनगटं जाळीनं सोलवटली होती. मी लावलेल्या जाळीनं. गोळ्या तिनं त्याच दिवशी बंद केल्या होत्या, ज्या दिवशी मी ते डाग द्यायचं बोललो. आणि खोली शांत कधीच नव्हती. बाहेर निदान रस्त्याचा, अक्काचा, रेडिओचा आवाज असतो, त्यात ते दोघं विरून जातात. आत फक्त ते दोघं आणि ती. हे तिनं दवाखान्यात जाताना रिक्षात सांगितलं.

"मग शांत आहे असं का सांगत राहिलीस?"

"तुमचे हात बघितले ना, बाबा."

१२ मार्च

दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

चिठ्ठीनं दार का उघडलं आणि हाकेनं का नाही, हे मात्र मला अजून उलगडत नाही.

२६ मार्च

शिट्टी घरी आली. गोळ्या बदलल्यात. झोपते, जेवते. अक्का दर घासाला तिच्याकडे बघते आणि मग कुठंतरी दुसरीकडेच बघितल्यासारखं करते.

डॉक्टरीणबाईंनी एका गटाचं सांगितलंय. आवाज ऐकू येणारी माणसं आठवड्यातून एकदा बसतात. घरच्यांनाही चालतं.

२ एप्रिल

गटाला जाऊन आलो. एका शाळेची चित्रकलेची खोली, बाकं बुटकी, आम्ही सगळे गुडघे हनुवटीला लावून बसलेले. गट चालवतो तो निवृत्त पोस्टमन आहे. हसरा माणूस, गळ्यात मफलर. त्याला स्वतःलाच तीन आवाज येतात, विशीपासून.

म्हणाला, "माझा सगळ्यात खवट जो आहे ना, तो मी चपला घातल्या की सुरू व्हायचा. कुठं निघालास, कोण वाट बघतंय तुझी. मी वर्षानुवर्षं त्याच्याशी भांडलो. पत्रं चुकीच्या घरात टाकली त्याच्यापायी. मग एक दिवस म्हटलं, बाबा रे, मी आता कामावर आहे, संध्याकाळी चहाच्या वेळेला ये, तेव्हा तुझं सगळं ऐकतो. आता येतो बिचारा वेळेवर. कधी विसरलाच तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं."

सगळे हसले. शिट्टी हसली. कितीतरी दिवसांनी मी तिचे दात पाहिले.

एका बाईनं सांगितलं की तिचा आवाज तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा आहे. एक पोरसवदा माणूस काही बोललाच नाही, फक्त मान हलवत होता, आणि त्यालाही कोणी बोल म्हटलं नाही.

मग पोस्टमननं शिट्टीला विचारलं, "तुमच्याकडे कोण कोण आहे?" पाहुण्यांची चौकशी करावी तसं.

"एक बाई आहे. ती नुसतं सांगत असते. आणि एक..." ती थांबली. मग बाकावरच वळून माझ्या समोर झाली. "बाबा, दुसरा तुमच्या आवाजात बोलतो."

मी विचारलं, "काय बोलतो?" माझा आवाज मलाच परका लागला.

"म्हणतो, नीट वाजतेस की भंगारात काढू."

बाहेर मैदानावर कोणीतरी शिट्टी वाजवली, मुलांना रांगेत उभं करायची.

पोस्टमन माझ्याकडे वळला. "रेडिओवाले, असं मान खाली घालू नका. त्यानं तुमचा आवाज चोरलाय. चोरी झाली म्हणून घरमालकाला कोणी धरून नेत नाही."

मी म्हटलं, "पण भांडी माझ्याच घरातली ना."

त्यानं त्याचा मफलर काढला, नीट घडी घातली, पुन्हा गळ्यात घातला.

३ एप्रिल

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

९ एप्रिल

दुकान उघडलं. फळीवर सगळे माझ्याकडे बघत बसलेत. मी विचारपूस केली नाही. तोंडच उघडवेना. अक्का चहा घेऊन आली, म्हणाली, "मोठेबाबांना विचारलंस का खोकल्याचं?"

"नाही."

"का?"

"काय विचारू? माझ्या तोंडाला आता मीच भितो."

ती चहा ठेवून उभी राहिली. "मीही तिला लहानपणी पुष्कळ बोललेय. खेकसलेय. माझा आवाज नाही घेतला त्यानं."

"म्हणजे दोष माझाच ना."

"म्हणजे तिनं ज्याचं सगळ्यात जास्त ऐकलं, त्याचा घेतला," अक्का म्हणाली. आणि चहात आज साखर बरोबर होती.

ही वही मागं चाळून पाहिली. नोंद, नोंद, नोंद. माणसाच्या पोरीला मी सेटासारखी टेबलावर उघडून ठेवली होती. ती सांगत होती समोर उभे राहा, आणि मी लिहीत होतो कान तपासणे.

१४ एप्रिल

एक प्रयोग केला. शिट्टीशी बारीक, नाकातल्या आवाजात बोललो. "ताईसाहेब, जेवायला चला." वाटलं, आवाजच बदलला तर तिला फरक कळेल. ती पोट धरून हसली. अक्का म्हणाली, बोकडाला सर्दी झाली. त्या दुपारी आम्ही तिघंही बरे होतो.

संध्याकाळी शिट्टी म्हणाली, "नका बदलू. तुमचाच राहू दे. नाहीतर मला खरा कसा होता तेही आठवणार नाही."

२० एप्रिल

जाळी काढली. खिळे उपटताना शिट्टी शेजारी बसून ते डब्यात टाकत होती. तिनं बोलायला सुरुवात केली ती डब्याकडे बघतच. दुसऱ्या शहरात एक घर आहे, डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचं. तिच्यासारख्या चौघीजणी राहतात, एक परिचारिका येऊन-जाऊन असते, जवळच तसाच एक गट आहे. जागा रिकामी झालीय.

"माझ्यामुळे जातेस?"

"नाही. म्हणजे हो, पण तसं नाही." तिनं एक वाकडा खिळा बोटांत फिरवला. "इथं घरभर तुमचा आवाज असतो, बाबा. तुम्ही दुकानात बोलता, तो डोक्यात बोलतो. दर वेळी मला उठून बघावं लागतं, कोण बोललं. थकून जाते मी. तिथं तुम्ही नसाल. तिथं तो आवाज आला की मला कळेल, हा तोच, बाबा नव्हेत. मग मला त्याला संध्याकाळची वेळ देता येईल."

बिनतोड बोलणं. एखादा दोष शोधायचा तर एकेक भाग सोडवून बाजूला काढावा लागतो, हे मीच तिला शिकवलंय. या वेळी सोडवून काढायचा भाग मी होतो.

"फोन करू?"

"फोन नका करू. लिहा. लिहिलेलं असेल तर ते तुमचंच. त्याला लिहिता येत नाही."

४ मे

पोचवून आलो. खोली उजेडाची आहे, खिडकीत कोणीतरी लावलेलं रोप आहे. निघताना मला काही बोलायचं होतं. मी समोर उभा राहिलो, ओठ दिसतील असा, आणि बोललोच नाही. हात वर करून हलवला. तिनंही हलवला. जिना उतरताना वरून शिट्टी ऐकू आली, दोन स्टेशनांच्या मधली, लांबलचक. खरीच आली की मला वाटली, हे विचारायला परत वर जाणं बरं दिसलं नसतं.

१८ मे

पहिलं पत्र टाकून बरेच दिवस झाले. उत्तर नाही. गटातल्या पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला, "रेडिओवाले, पत्राला पाय नसतात, धीर हवा." मग जरा थांबून म्हणाला, "दुसरं टाका. माणूस एका हाकेनं कधी उठलाय?"

तर दुसरं. आधी वहीत लिहितो, मग कागदावर उतरवतो, म्हणजे खाडाखोड तिच्यापर्यंत जायला नको.

चिरंजीव शिट्टी हिला बाबाचा आशीर्वाद.

तुझी झोप कशी आहे? मनगटांवरच्या खुणा गेल्या का? घरातल्या इतर तिघींना बरं आहे ना? त्या बाईंचं कसं चाललंय, ज्या तू काय करतेस ते सांगत असतात? त्यांना सांग, माझी पोर पाणी प्यायली, जेवली, हे मला कळवत जा. निदान कोणीतरी कळवेल. आणि त्याचं विचारू की नको, कळत नाही. तरी विचारतो. येतो का? वेळेवर येतो का? त्याच्याशी भांडू नकोस. माझ्याच घरातून गेलेला आहे, वाईट वळण लागलं एवढंच.

इकडे अक्काचा गुडघा उन्हानं सुटलाय. उरलेली जाळी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीला ठोकून घेतली, मांजर यायचं थांबलंय. म्हणते, शेवटी जाळीचा उपयोग ज्याच्यासाठी व्हायचा त्याच्यासाठी झाला. मोठेबाबा बरे आहेत. त्यांचा मालक अजून आलेला नाही, पण मी त्यांना परवा समोर उभं राहून सांगितलं की मालक येवो न येवो, तुम्ही वाजा न वाजा, या फळीवरून तुम्हाला कोणी हलवणार नाही. तेच सूनबाईंना सांगितलं, तेच धाकट्याला. या दुकानातून आता कोणी भंगारात जात नाही.

हे मी लिहिलेलं आहे. माझंच अक्षर, ओळ वरच्या बाजूला चढते ती माझीच खोड. तू पुन्हापुन्हा वाचावंस म्हणून मोठं काढलंय.

तुला लिहिणं जड जात असेल तर दोनच ओळी लिही. एक ओळ लिही. आपल्या दुकानातल्या चिठ्ठ्या सोबत घातल्यात, मागची बाजू कोरी आहे. पण लवकर लिही.